तसबिरीची चौकट

आषाढ-श्रावणात आमच्या फोंड्याकडे भिंतींनाही घाम सुटतो. वर्षाकाठी १०० इंचांहून अधिक पडणारा पाऊस चिऱ्यांच्या भिंती पिऊन घेतात आणि मग कार्तिकापर्यंत सावकाश बाहेर टाकीत राहतात. वकिलाच्या घरी या ऋतूचा पहिला बळी म्हणजे कागद. अशिलांच्या फायली नरम पडतात, लखोटे न चिकटवता चिकटतात, कायद्याच्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो. या दिवसांत मी घरात एकही तसबीर मढवीत नाही. हा नियम पुस्तक वाचून केलेला नाही. त्याची किंमत मोजून केला आहे.

आईजवळ तिच्या आईची एकच छबी होती. १९५८ साली मडगावच्या एका स्टुडिओत काढलेली, तळहाताहून जराशी मोठी. नऊवारी लुगडे, हात लाकडी तिवईवर टेकलेला आणि मुद्रेवर त्या यंत्राविषयीचा स्पष्ट अविश्वास. पुढे कोणीतरी ती पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवून, थेट काचेला टेकवून आणि मागून खिळे मारून मढवली होती. त्या काळी घरोघरी असेच मढवीत; आजही बहुतेक ठिकाणी असेच मढवतात. २००९ च्या पावसाळ्यात चौकटीला वाळवी लागलेली दिसली, तेव्हा ती बदलण्याचे मी मनावर घेतले. काच उचलू लागलो, तो छबीही काचेबरोबर वर येऊ लागली. तेथेच थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. नखाने कड सोडवली आणि ओढली. आजीचा पदर, हात आणि तिवई पुठ्ठ्यावर राहिली. चेहरा काचेवर राहिला.

आई रागावली नाही. काच फेकू नकोस, एवढेच म्हणाली, आणि आत निघून गेली. तिने रागवायला हवे होते, असे मला त्यानंतर कित्येक दिवस वाटत राहिले.

कारण मागाहून कळले. जुन्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र घडवणारे चांदीचे कण त्या थरातच बसलेले असतात. दमट हवेत जिलेटिन मऊ होते, लगतच्या काचेला धरते आणि एकदा वाळले की सोडीत नाही. अशा वेळी छबीला हात न लावता काचेतूनच तिची नक्कल उतरवून घ्यावी. न्यायालयात मनाईहुकूम मागताना आम्ही वकील नेहमी हेच सांगतो की, पैशाने भरून न निघणारे नुकसान होण्याआधी स्थिती जैसे थे ठेवावी. दुसऱ्यांसाठी मागितलेला तो हुकूम त्या दुपारी स्वतःच्या हातांवर बजावण्याचे मला सुचले नाही.

छायाचित्रणाचा नाद मला कॉलेजपासून होता. मंदिराचा दीपस्तंभ, तळीतले सकाळचे पाणी, जत्रेच्या रात्री सभामंडपाबाहेर पेंगणारे वाजंत्री, असली चित्रे मी काढीत असे. गर्भागाराकडे कॅमेरा कधी वळवला नाही. तेथील दर्शन डोळ्यांनीच घ्यावे. पण चित्र हाती आले की ते मढवायला बाहेर देऊन मी मोकळा होत असे. २००९ नंतर मढवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

पहिले सात पुठ्ठे वाया गेले. चित्र आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा घालावा लागतो. लोक त्याला शोभेचा समजतात, पण काच चित्राला शिवू नये हे त्याचे खरे काम. तो आम्लरहित हवा. साध्या लगद्याचा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि आपला पिवळेपणा चित्रालाही देतो. जुन्या दाव्यांची बासने सोडणाऱ्यांना हा रंग ओळखीचा आहे. खिडकीची कड ४५ अंशांत तिरपी कापायची, मागच्या बाजूने, पोलादी पट्टी लावून, आणि दर पुठ्ठ्याला नवे पाते घेऊन. पात्याची काटकसर मी सात वेळा केली, म्हणूनच तो सातचा आकडा.

८ बाय १० इंचांच्या उभ्या चित्राला मी पाव इंच कमी धरून, म्हणजे ७¾ बाय ९¾ ची खिडकी ठेवतो. १२ बाय १५ च्या पुठ्ठ्यात डावी-उजवीकडे २⅛ इंच उरतात. वर २⅜ आणि खाली २⅞ ठेवायचे. खाली अर्धा इंच अधिक का? वरखाली सारखे ठेवले तर चित्र खाली घसरल्यासारखे दिसते. डोळ्याचा मध्य पट्टीच्या मध्याहून किंचित वर असतो.

आता चिकटवण्याविषयी. चित्र चिकटवायचे नाही, टांगायचे. जपानी कागदाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या घेऊन, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, चित्र फक्त वरच्या कडेला मागच्या पुठ्ठ्याशी जोडायचे. खाली आणि बाजूंना ते मोकळे राहते, कारण पावसाळ्यात कागद फुगतो आणि चारी बाजूंनी जखडला तर सुरकुततो. ही खळ पाण्याने सुटते. पट्टी चित्राच्या कागदाहून दुबळी हवी, म्हणजे चौकट पडलीच तर पट्टी फाटेल, चित्र नाही. बांधणाऱ्या दोरीनेच आधी तुटावे, असा करार मी वकिलीत कधी लिहिला नव्हता.

घट्ट चिकटवण्याची रूढी अर्थात उगाच पडलेली नव्हती. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्या लाला दीनदयाळांनी १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादेत निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळची अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेली चित्रे इतक्या पातळ कागदावर असत की, जाड पुठ्ठ्याशिवाय ती वेटोळी होत. कागद पुढे जाड झाला. सवय तशीच राहिली.

चौकट आमचे मेस्त फणसाच्या मुरलेल्या लाकडाची करून देतात. तिच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर मागे बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चौकट यांत वारा खेळतो. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर काहीही लावायचे नाही.

गेल्या माघात मी आईचे चित्र काढले, तुळशीपाशी बसलेली असताना. ते छापले, शाई पुरती वाळावी म्हणून काही दिवस उघडे ठेवले, पुठ्ठा कापला, मेस्तांकडून चौकटही आणली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "म्हाका इतल्या बेगीन वणटीर लावूं नाका, पुता." आमच्या चौकातल्या भिंतीवर आहेत ती सारी गेलेली माणसे, प्रत्येकाला चंदनाचा हार आहे. माझ्याजवळ यावर युक्तिवाद नव्हता.

चौकट रिकामीच कपाटावर आहे. पुठ्ठ्यात टांगलेले चित्र एका सपाट पेटीत आहे, आणि त्याच पेटीत, मऊ कागदात गुंडाळलेली, आजीच्या चेहऱ्याची ती काच. दुपारी जेवणे झाली की आई कधीकधी पेटी मागते. स्वतःचे चित्र बाजूला ठेवते आणि काच उजेडाकडे धरून पाहत बसते. परत ठेवताना मात्र कागद मला गुंडाळू देत नाही.