दळू नये, भरडावे

आपल्याकडे दळणाची परीक्षा चिमटीत होते. गिरणीतून डबा आला की गृहिणी पीठ चिमटीत चोळते, नाक मुरडते आणि निकाल देते, ‘भरडलंय मेल्यानं!’ भरड म्हणजे कामचुकारपणा, आणि मऊसूत म्हणजे पहिला वर्ग. या बाईंना बिअरच्या कारखान्यात नेमलं (गैरसमज नको, फक्त दळणखात्यात), तर आठवड्यात कारखान्याला टाळं लागेल.

नाचणीला मोड आणून वाळवली की बाळासाठी सत्त्व होतं. बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, मोड आणून भट्टीत वाळवलं की माल्ट होतं. कृती जवळजवळ एकच. एकाने बाळ बाळसं धरतं, दुसऱ्याने बाळाच्या वडिलांचं पोट सुटतं.

हे माल्ट गरम पाण्यात भिजवतात. पिठाची साखर होऊन ती पाण्यात उतरली, की ते पाणी गाळून घ्यायचं. आता गाळणी कुठली? तर दाण्याचंच टरफल! टरफलांचा थर तळाशी बसतो आणि रस त्यातून झिरपतो. म्हणून दळताना अट अशी, की आतला दाणा फुटावा, पण साल शाबूत राहावं. मऊसूत दळलंत तर खळ होऊन बसते आणि रस खाली उतरायचं नाव घेत नाही. वर टरफलाच्या भुग्याचा तुरटपणा वेगळाच. फार जाड ठेवलंत, तर साखर दाण्यातच राहते.

म्हणून तिथे जात्याऐवजी रूळ. दोन रुळांत फट साधारण एक मिलिमीटरची. घरी बिअर करणारे हौशी साहेबलोक ही फट क्रेडिट कार्ड सरकवून अजमावतात. खिशाला चाट न लावणारा त्या कार्डाचा हा एकमेव उपयोग असावा. मोठ्या कारखान्यांत रूळ सहा. पहिली जोडी दाणा नुसता फोडते, मग चाळण्या टरफल बाजूला काढतात आणि जाड कण पुढच्या जोडीकडे जातात. काही ठिकाणी आधी माल्टला वाफ दाखवतात. दमट पापड मोडत नाही, वाकतो, तसं टरफल लवचीक होतं. हातोड्यांच्या गिरणीत मात्र सरसकट पीठच करतात, आणि मग गाळायला पडद्यांचं निराळं यंत्र आणतात. फुकटची गाळणी फोडायची आणि विकतची घ्यायची!

गव्हाच्या बिअरची अडचण और. मळलेल्या गव्हाला टरफल नसतं, म्हणून त्यात चक्क भाताचं तूस मिसळतात. आपण पाखडून टाकतो ते तूस तिकडे पैसे मोजून आणतात. घराघरांतून आरामखुर्चीत बसलेल्या, ‘आता आमचा काय उपयोग?’ म्हणणाऱ्या आजोबांना हे अवश्य सांगावं. घरातलं सारं त्यांच्यातूनच गाळून खाली येत असतं; ते उठून गेले, की खळ होते.

राहता राहिला चोखपणा. लीड्सच्या पोर्टियस कंपनीच्या लाल रंगाच्या माल्ट-गिरण्या स्कॉटलंडच्या व्हिस्की-भट्ट्यांत अजून फिरताहेत. त्या इतक्या चोख होत्या, की बिघडेनात. बिघडेनात म्हणून गिऱ्हाईक पुन्हा फिरकेना. तिकडचे लोक सांगतात, गिरणी मोडली नाही, कंपनी मोडली.