मधली पट्टी

दोन वस्तूंच्या मध्ये तिसरी काही आली, की आपण तिला सरसकट अडचण म्हणतो. मला मात्र अलीकडे या मध्ये येणाऱ्या वस्तूंविषयी आदर वाटू लागला आहे. माझा धंदा मराठी शिकवण्याचा. जुने मोडी कागद वाचताना विद्यार्थी घामाघूम होतात, कारण शब्द आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडण्याची त्या लिपीत चालच नव्हती. सगळी ओळ एका दमात! शब्दांमधली रिकामी जागा हा वाचणाऱ्यावर केवढा उपकार आहे, हे तो कागद हाती घेतल्याशिवाय कळायचे नाही. पण या जागेची खरी थोरवी मला पटली ती एका मोटारसायकलच्या पोटात, आणि तीही माझ्या आजोळी, वालावलला.

वालावल हे कुडाळ तालुक्यातले, कर्ली नदीकाठचे गाव. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, शेजारी तळे आणि माडा-पोफळींची गर्द सावली. तिथे घड्याळसुद्धा विचार करून चालत असावे! माझा थोरला मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तिथेच राहतो. दिवसा बागायत पाहायची आणि रात्री दशावतारी नाटकात पायपेटी वाजवायची, हा त्याचा क्रम. त्याच्याकडे एक यामाहा आरएक्स 100 आहे. ही गाडी भारतात 1985 पासून 1996 पर्यंत तयार होत असे. इंजिन अवघे 98 घनसेंटिमीटरचे, पण जोर 11 अश्वशक्तीचा. दादाची गाडी 1994 ची. पेटी आणि गाडी, या दोहोंना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा घरातला अलिखित कायदा.

गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा घरात अबोला होता. पुतण्याला गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. मुलाने आपल्यामागे पेटीवर बसावे, ही दादाची इच्छा. मुलगा नुसता जाणार नव्हता, तर गाडीही नेणार होता, आणि नेण्याआधी तिच्या इंजिनात ‘स्पेसर’ बसवणार होता! "चलता आसा ता चलांदे," दादा म्हणाला होता, "सोडूक सगळ्यांका येता. जोडूक कोणाक येता?" ही गोष्ट शिमग्यातली. मे उजाडला तरी बापलेक एकमेकांशी वहिनींमार्फतच बोलत होते.

स्पेसर म्हणजे काय, ते पुतण्याने मला अंगणात गाडी उघडूनच समजावून दिले. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या वर गेला, की त्याच्या खालच्या पोकळीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. दट्ट्या खाली आला, की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये शिरते. मात्र दाबलेले मिश्रण आल्या वाटेने कार्बोरेटरकडे परत फिरू नये, म्हणून दारातच पातळ पाकळ्या बसवतात. ओढ लागली की त्या उघडतात, दाब आला की मिटतात. यांनाच रीड म्हणायचे. इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने 1891 मध्ये या तऱ्हेच्या इंजिनाचे हक्क नोंदवले, तेव्हाही आत येण्याच्या वाटेवर असा एकेरी पडदा होता. स्पेसर ही सिलिंडर आणि हे पाकळ्यांचे घर यांच्यामध्ये बसवायची, काही मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पोकळ चौकट. तिने पाकळ्या तेवढ्या मागे सरकतात, त्यांच्यापुढे मोकळी जागा होते आणि वेगात असताना इंजिनाला पुरता श्वास घेता येतो.

पुतण्याने पाकळ्यांचे घर काढून पायरीवर ठेवले. देवळाकडे निघालेला दादा तिथेच थबकला. पेटीतला सूर म्हणजे तरी काय? एका टोकाला जखडलेली धातूची जीभच ना! टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दादाचे निम्मे आयुष्य अशा जिभा घासण्यात गेलेले. त्याने ते घर उचलले, उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "ही एक बसणा नाय." खरेच, एका पाकळीखालून उजेडाची रेघ दिसत होती. पुतण्याने काही न बोलता पिशवीतली नवी पाकळी काढून बापाच्या हाती दिली.

पुढचा तासभर मी नुसते पाने पुरवले. जुनी गॅस्केटे खरवडली गेली. चौकटीच्या दोन्ही अंगांना नवी लागली. जुने बोल्ट आता पुरेनात, म्हणून लांब बोल्ट घेतले आणि समोरासमोरचे कोपरे धरून थोडे थोडे आवळले. कारण केसाएवढी फट राहिली तरी चोरवाटेने हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि दट्ट्या आतच अडकून बसतो. म्हणजे मध्ये जागा हवी, पण फट नको! ‘अंतर’ आणि ‘फट’ या दोन शब्दांतला भेद वर्गात मला इतका स्वच्छ कधी सांगता आला नव्हता.

किक मारली. पुतण्याने थ्रॉटल देऊन सोडला. आवाज वर रेंगाळला असता तर हवा शिरते आहे असे समजायचे, पण तो शहाण्यासारखा खाली उतरला. मग दादा स्वतः चढावर एक फेरी मारून आला. उघडून पाहिला तर प्लग चॉकलेटी रंगाचा निघाला. पांढरा नव्हता, म्हणजे मिश्रण पातळ नव्हते. "खालचो सूर थोडो पडलो," तो म्हणाला, "पण वरचो खुललो." त्याचे कान खोटे नव्हते. दट्ट्याखालची पोकळी वाढली, की तिथला दाब थोडा उतरतो आणि सुरुवातीची ओढ किंचित मऊ होते. मोकळ्या श्वासाची तेवढी किंमत मोजावी लागते. ती मोजायची तयारी त्या संध्याकाळी दोघांचीही दिसली.

जूनमध्ये पुतण्या गाडी घेऊन गेला. आता दर रविवारी त्याचा फोन येतो. दादा आधी गाडी सुरू करायला लावतो आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐकतो. मागून वहिनी ओरडतात, "अवो, जेवलो काय ता आदी इचारा!"