पहारा नको, सोबत हवी

यजमानांनी सत्तरीत वजन उतरवण्याचे मनावर घेतले, तेव्हा कोथरूडच्या महात्मा टेकडीवर मीही त्यांच्यासोबत जाऊ लागले. वाचकहो, या वयात एकाचे गुडघे थकले, की दुसऱ्याचेही बाहेर पडणे थांबते. म्हणून जोडीदाराच्या ताटावर पहारा ठेवू नका. त्यांच्यासाठी शिजेल तेच आपणही जेवा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. शिवाय स्नायूंना बळ देणारे आणि तोल सावरणारे व्यायामही. नुसत्या उपवासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात; वरण, उसळ, ताक वगळू नका. मधुमेहाची औषधे सुरू असल्यास जेवण घटवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. साखर एकाएकी उतरू शकते. वजनकाट्यावरचा आकडा रोज विचारू नका. चढावर आज दम कमी लागला, एवढे मात्र आवर्जून सांगा.