माटुंगा, पायी

बदली होऊन मुंबईला आले तेव्हा घर शोधताना माझी एकच अट होती. स्टेशन, भाजी आणि सकाळचा नाश्ता, तिन्ही चालत मिळालं पाहिजे. सांगलीत वाढलेल्या बाईला दुधाची पिशवी आणायलाही रिक्षा करावी लागणं पटत नाही. माटुंगा पूर्वेला तेलंग रोडच्या जवळ दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. भाडं जड होतं, तरी घेतल्या. खालच्या रस्त्यावर झाडांची सावली होती आणि पदपथावरून दोन माणसं गप्पा मारत, न थांबता चालली होती. मुंबईत हे दृश्य रोजचं नाही.

माटुंगा असा चालण्याजोगा झाला त्यामागे एक साथ आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींत माणसं मेली, तेव्हा सरकारला जाग आली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी सुरू झाली. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये मोकळी हवा, मधेमधे बागा. पुढे मद्रास, पालघाट, तंजावरकडची माणसं रेल्वेत, कंपन्यांत, बँकांत कारकून आणि टायपिस्ट म्हणून आली आणि इथे राहिली. रस्त्यांना नावं मात्र आपल्या विद्वानांची: तेलंग, भांडारकर, भाऊ दाजी. भांडारकर रोडवर उभं राहून तमिळ ऐकत डोसा खाताना मला या शहराबद्दल फार आपुलकी वाटते.

एकटे आलेले ते कारकून जेवणार कुठे? या प्रश्नातूनच माटुंग्याची हॉटेलं उभी राहिली. उडुपी भागातून आलेल्या लोकांनी त्यांच्यासाठी खानावळी काढल्या. ए. रामा नायक यांचं 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ सालचं. स्टेशनाबाहेर, मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते अजून चालू आहे आणि नावातलं बोर्डिंग त्यांनी अजून काढलेलं नाही. केळीच्या पानावर वाढलेला भात, रसम, दोन भाज्या, ताक. घर सोडून आलेल्या माणसाला रोज परवडेल आणि रोज पचेल असं जेवण. माझ्या मते चांगल्या हॉटेलाची खरी कसोटी हीच. एखाद्या दिवशी जिभेला खूश करणं सोपं असतं. रोज येणाऱ्याला कंटाळा येऊ न देणं अवघड.

मी सुरुवातीला फोनवर हॉटेलांचे तारे बघून खायला जायचे. शेजारच्या मामींनी ते थांबवलं. त्या जन्मापासून माटुंग्यातल्या, मराठी अस्खलित. म्हणाल्या, "फोन काय सांगणार गं तुला? सकाळी सहाला खाली उतर. म्हातारी माणसं फिरून परत कुठे शिरतात ते बघ."

मी तसंच केलं. फाइव्ह गार्डन्सकडून फिरून येणाऱ्यांच्या मागे चालत गेले. बूट घातलेले आजोबा, पूजेच्या फुलांची पुडी हातात घेतलेल्या बायका, रात्रपाळी संपवून आलेला एखादा रखवालदार. स्टेशनाच्या बाजूला फुलवाल्यांच्या टोपल्या लागलेल्या असतात, मोगऱ्याचे गजरे हातावर मोजून दिले जातात. तिथून पुढे भांडारकर रोडवर 'राम आश्रय'. हे १९३९ सालचं हॉटेल पहाटे पाचला उघडतं. आत दिवसाच्या पदार्थांचा फळा असतो आणि माझी नजर आधी शिऱ्यावर जाते. कारण शिरा रोज वेगळा. एके दिवशी अननसाचा असतो, तर दुसऱ्या दिवशी आणखी कसला तरी. टेबल स्वतःचं मिळेल अशी आशा धरायची नाही. समोर अनोळखी माणूस बसतो, तुमची चटणीची वाटी थोडी बाजूला सरकवतो आणि स्वतःच्या उपम्याकडे वळतो. वाढपी मागून विचारतो, "मॅडम, कॉफी आत्ता की नंतर?" आत्ता म्हटलं तर खरंच आत्ता येते.

कॉफी जवळून बघण्यासारखी असते. स्टीलच्या दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, उभा पेला. आधी तळाशी काळं डिकॉक्शन, मग वरून उकळतं दूध. पेल्यातून दवऱ्यात, दवऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतली की फेस येतो, साखर विरघळते आणि ओठांना सोसेल इतकी निवते. चांगल्या डिकॉक्शनचा कडूपणा दुधातूनही कळतो. नुसती गोड आणि दुधाळ लागली तर त्या ठिकाणी मी परत जात नाही.

मामींनी मला आणखी एक खूण शिकवली. ज्या वस्तीत कॉफी दळून देणारी दुकानं टिकली आहेत, तिथे हॉटेलवाल्याला हलकी कॉफी खपवता येत नाही, कारण गिऱ्हाईक घरी चांगली पिऊन आलेलं असतं. माटुंग्यात 'मैसूर कन्सर्न्स' आहे. दुकानाच्या आधी त्याचा वास लागतो. बाया सहज सांगतात, "पीबेरी अर्धी, प्लांटेशन अर्धी, चिकोरी वीस टक्के." यंत्र घरघरतं आणि पुडी हातात येते तेव्हा कागद गरम असतो. मी चिकोरी कमी करत करत दहावर आले आहे. मामींना ते अजून मान्य नाही.

किंग्ज सर्कलला, म्हणजे आताच्या माहेश्वरी उद्यानाला, चालत दहा मिनिटं लागतात. तिकडे भाऊ दाजी रोडवर १९४० सालचं 'कॅफे मद्रास'. तिथली रसम-इडली पावसाळ्यात खावी. इडली रसमात बुडालेली, वर तिखटाचा तवंग, खाताना नाक वाहू लागतं. रविवारी दाराशी नावं लिहून घेतात आणि रस्त्यावर गाड्या दुहेरी लागतात. लांबून येणाऱ्यांचा मला राग नाही, पण गाडी पदपथावर चढवणाऱ्यांचा आहे. पाठीला बाक आलेल्या आजींना त्या गाडीमुळे भर रस्त्यात उतरावं लागतं. हा भाग ज्या चालण्यावर उभा आहे त्याच्यावरच तो घाला आहे. पदपथ गेले तर सहाचं गिऱ्हाईक जाईल, आणि सहाचं गिऱ्हाईक गेलं की उरतील ती फक्त रविवारच्या फोटोंची हॉटेलं.

सर्कलच्या कोपऱ्यावर 'कुलार अँड कंपनी' हे इराणी हॉटेल १९३२ पासून आहे. दाक्षिणात्य वस्तीत हे वेगळ्या चवीचं. ब्रून-मस्का, चहा, अंड्याचे प्रकार. मी तिथे दुपारी जाते, कारण दुपारी कुणी उठवत नाही. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं तरी चालतं. सकाळी राम आश्रयमध्ये तसं बसून राहणं बरं नव्हे, मागे माणसं उभी असतात. कुठे रेंगाळायचं आणि कुठे उठायचं, हे चालणाऱ्याला आपोआप समजत जातं.

नवी वातानुकूलित कॅफेही आली आहेत. एकदोन ठिकाणी कॉफी उत्तम आहे, रुईया-पोदार कॉलेजांतली मुलं तिथे तासन्‌तास अभ्यास करतात, आणि त्यांना तेवढी जागा घरी मिळत नसेल तर ती कॅफे हवीतच. फक्त तिथे माझ्या शेजारी कधी फुलवाली बसलेली दिसली नाही.

संध्याकाळी मी उड्डाणपुलाखालच्या नानालाल मेहता बागेत फिरते. पुलाखालची ती जागा वाहनतळ आणि कचरा यांच्या घशात गेली असती. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तिथे बाग झाली. वाट नर्मदेच्या वळणांसारखी आखली आहे, दोन्ही बाजूंनी वाहनं धावतात आणि मधून माणसं निवांत चालतात. पुण्याची मावशी आली तेव्हा तिला आधी इथे फिरवलं आणि मग कॉफीला नेलं. दोन्ही एकाच खेपेत झालं, हे तिला फार आवडलं.

तुम्हीही या. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनावर उतरा, पूर्वेला बाहेर पडा, गाडी आणू नका. कामाच्या दिवशी सकाळी लवकर आलात तर नाश्ता आणि कॉफी चालत आटोपून दहाच्या लोकलने कामावर जाता येईल. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी रामा नायक आणि कॅफे मद्रास दोन्ही बंद असतात.