कुलवृत्तांतांतील कोरें पान

आपल्यांतील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुष, गोत्र, कुलस्वामी, कोण कोठें नोकरीस होता, हें सारें त्यांत सांपडतें. कोण कोणत्या आजारानें गेलें, ह्याविषयीं मात्र बहुधा 'अल्पवयांत वारला' ह्यापलीकडे अक्षर नसतें. हें मौन किती महाग पडूं शकतें, तें टर्को नांवाच्या दुर्मिळ विकारावरून ध्यानीं येतें.

१९५९ सालीं कॅनडांतील शल्यवैद्य टर्को व त्यांचे सहकारी ह्यांनीं एका भावाबहिणीची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्याही मोठ्या आंतड्यांत पुष्कळ मांसांकुर होते आणि दोघांनाही मेंदूंत गांठ झाली. पुढें १९९५ सालीं जनुकांच्या तपासणीनें उलगडा झाला, कीं ह्या एका नांवाखालीं दोन निराळे दोष आहेत.

पहिला दोष ए.पी.सी. नांवाच्या जनुकांत असतो. तो आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो; म्हणून प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्यांत, पेशी वाढतांना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारें जनुक बिघडतें. हा दोष एकाच बाजूनें आला तर प्रौढपणीं कर्करोग संभवतो. दोन्ही बाजूंनीं आला तर बालपणींच, आणि अंगावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे डागही दिसतात. त्या वेळीं आईबाप मात्र निरोगी असूं शकतात.

आमच्या शास्त्रकारांनीं सगोत्र व सपिंड विवाह वर्ज्य केले. याज्ञवल्क्यानें मातेकडील पांच व पित्याकडील सात पिढ्या मोजावयास सांगितल्या. तथापि मामाच्या मुलीशीं विवाह हा दक्षिणेचा आचार म्हणून बौधायनानें नोंदला आहे, आणि आपल्या देशस्थांतही तो चालत आला. अशा विवाहांत एकच दोष दोन्ही बाजूंनीं येण्याचा संभव वाढतो. शिवाय गोत्र बापाकडून मोजतात. रोग दोन्हींकडून येतो. लेक सासरीं गेली कीं कुलवृत्तांताच्या शाखेंतून सुटते, दोष मात्र तिच्याबरोबर जातो.

आमच्या वर्ध्यानजीक सावंगी (मेघे) येथें आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. तेथें काय, मुंबईस काय, असा रोगी आला कीं डॉक्टरांस विचारावेंच लागतें: 'घरांत पूर्वीं कोणास कर्करोग होता काय?' ह्या प्रश्नाला ज्या घरीं उत्तर नसतें, तेथें शौचावाटे जाणारें रक्त मूळव्याधीचें समजून वर्षे जातात. उत्तर असेल तर ए.पी.सी. दोषाच्या घरांतील मुलांची दुर्बिणीनें आंतड्याची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच सुरू करतां येते, आणि मांसांकुर फार वाढल्यास मोठें आंतडें काढून तेथील कर्करोग टाळतां येतो.

आजार सांगितला तर मुलींचीं लग्नें अडतील, ही भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु लपविल्यानें ज्याचा जीव जावयाचा तो घरचाच नातू असतो. म्हणून ज्यांच्या घरीं कुलवृत्तांताची प्रत आहे, त्यांनीं तिच्या कोऱ्या पानावर माहेरसासरच्या प्रत्येक मृताचें वय व आजार लिहून ठेवावा. हें ज्या आजीला व आत्याबाईंना आठवतें, त्यांना आधीं विचारावें.