कर्ली खाताना मोबाइल खाली ठेवा!

लाँग वीकएन्ड, कोकण रेल्वे, कुडाळ स्टेशन आणि तिथून तासाभरात मालवण. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा वगैरे लिस्टवर होतंच. पण ट्रिप लक्षात राहिली ती एका घरगुती खानावळीमुळे आणि (नाइलाजाने) एका डॉक्टरांमुळे.

आपण शहरातले मासेखाऊ म्हणजे सुरमई-पापलेटवाले. मधला काटा काढला की काम फत्ते! मालवणात पहिल्याच दिवशी ताटात आलं पेडव्यांचं तिखलं. बोटभर मासे, तिरफळाचा वास, आटलेला आंबट-तिखट मसाला. मी इमानदारीत एकेक काटा उपसत बसलो. काकी हसल्या, "झिला, पेडव्याचो काटो काढूक बसलंस तर संध्याकाळ होतली. चावून खा!" खाल्ले. काटे इतके बारीक आणि मऊ शिजलेले, की दाताखाली कळतही नाहीत. कुरकुरीत तळलेल्या मांदेलीचंही तेच. वर कॅल्शियम फुकट! डबाबंद तारल्यांमध्ये काट्यांसकट १०० ग्रॅमला सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे दुधाच्या तिप्पट.

झालं, मी सोकावलो. दुसऱ्या दिवशी कर्ली मागवली. लांबलचक, चंदेरी, चवीला जबरदस्त; पण मांसात केसासारखे काटे पेरलेले. लवचीक, टोकदार, नीट चावलेही जात नाहीत. काकींनी बजावलं होतं, "मोबाइल ठेव, कर्ली आसा ती." तेवढ्यात बॉसचा मेसेज. रविवारी! वाचता वाचता घास गिळला आणि घशात टोचलं.

मग सल्ले सुरू. केळं खा, सुक्या भाताचे गोळे गीळ. दोन गोळे गिळले. डोळ्यांत पाणी आलं, काटा तिथेच.

डॉक्टरांनी टॉर्च मारला, टॉन्सिलमध्ये रुतलेला काटा चिमट्याने काढला आणि मग मला झापलं. भाताच्या गोळ्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. टोचणं थांबलं नाही, गिळता येईना, थुंकीत रक्त दिसलं किंवा छातीत दुखू लागलं, तर घरगुती उपाय बंद आणि थेट दवाखाना. अन्ननलिकेला भोक पडलं तर प्रकरण ऑपरेशनवर जातं. लहान मुलांना आणि कवळीवाल्या आजोबांना तर मासा निवडूनच द्यायचा. कवळीमुळे टाळूला काटा जाणवत नाही.

रात्री काकींनी पुन्हा कर्लीच केली! पण मांस चमच्याने अलगद खरवडून, त्याचे वडे. सात खाल्ले. बॉसला उत्तर मंगळवारी दिलं.