सेऊलचे ताट, वऱ्हाडची भाकर

आपल्या समाजाला ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न साधेपणाने फारसा कोणी विचारलेला नाही. १९९४ साली नोकरीनिमित्त मी अकोटला आले, तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी हिंडताना नावानंतरचा दुसरा प्रश्न हाच असे. उत्तर ऐकून खोली ‘नुकतीच दिली गेलेली’ असे. त्यामुळे कोणी मांसाहार सोडला की आपल्या माणसांच्या मनात शंका येते. ही शंका मला अनाठायी वाटत नाही.

आपल्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेली एक विद्यार्थिनी सध्या दक्षिण कोरियात, सेऊल येथे संशोधन करीत आहे. ती मांस, मासे, अंडी खात नाही; दूध-दहीही घेत नाही. सुट्टीत गावी आली असता वडिलांनी हौसेने आणलेल्या मटणाला तिने हात लावला नाही. वडील एवढेच म्हणाले, “शिकून सोवळी झाली काय वं?” दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन ती म्हणाली, “मॅडम, बाबांना काय सांगू?”

मी आधी तिलाच विचारले की, त्या देशात हे जमते कसे? ती म्हणाली, सोपे नाही. किमची म्हणजे कोबीचे आंबवलेले लोणचे. पण त्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा खार असतो. साध्या भाजीच्या सारातही वाळवलेल्या लहान माशांचे पाणी असते. दुकानदाराला ‘मांस नको’ म्हटले तर मासा ताटात येतोच, कारण त्याच्या हिशेबी मासा म्हणजे मांस नव्हे. मात्र तेथील बौद्ध विहारांतले अन्न निराळे. भिक्खू-भिक्खुणी मांस-मासे खात नाहीत. लसूण, कांद्याची पात यांसारख्या पाच उग्र वस्तूही वर्ज्य आहेत. ग्रंथांतील त्या यादीत आपला हिंगसुद्धा आहे! जेवायला प्रत्येकाला एकात एक बसणारी चार भांडी. सारे एका रांगेत, मौनात जेवतात. शेवटी मुळ्याच्या फोडीने भांडे पुसून ते पाणीही पितात. एक शीत वाया जात नाही. त्या पंगतीत आपल्याला वसतिगृहाची आठवण झाली, असे ती म्हणाली.

मांस न खाण्याची ही शिस्त महायान परंपरेतली. पाली ग्रंथांत वेगळे दिसते. देवदत्ताने भिक्खूंसाठी मांस-मासे सक्तीने बंद करावेत अशी मागणी केली, ती तथागतांनी नाकारली. जीवक सुत्तानुसार, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तरच ते मांस भिक्खूने टाळावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला तत्त्व म्हटले आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दयेची प्रतिज्ञा आहे, मद्य न पिण्याची आहे. मांस सोडण्याची नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. आणि १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी गोमांस खाण्यावरूनच आपले पूर्वज अस्पृश्य ठरवले गेले, असे प्रतिपादन केले. तेव्हा शाकाहाराला कोणी शुद्धता म्हणू लागले की मी सावध होते. सोवळे दुसऱ्याच्या ताटाकडे बघून ठरते. या मुलीने वडिलांच्या ताटाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

खरे तर तिचे जेवण आमच्या लहानपणी रोजचेच होते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, चिवळ. दूध कुठले? चहा काळाच. पण त्याला व्रत म्हणणे म्हणजे दारिद्र्याला हार घालणे. जे मिळतच नव्हते ते आम्ही सोडले नव्हते. आता मिळते, म्हणून सोडण्याला अर्थ आहे, आणि खाण्यालाही. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला मटण-दारूऐवजी गोडधोड वाढले, तेव्हा भाऊबंद रागावलेच होते. त्यांना कोणी सोवळे म्हणू शकले नाही.

एका गोष्टीचे मात्र मला नवल वाटले. आपल्या शिवारात ज्वारी हटवून सोयाबीन आले. आपण ते बाजार समितीत नेऊन विकतो. ताटात येते ते फक्त त्याचे तेल. कोरियात त्याच दाण्याचे पनीरासारखे दुबू करतात, तेच सोयाबीन आंबवून दोएनजांग नावाचे दाट वाटण करतात. तिच्या वडिलांची चार एकर सोयाबीनचीच. हे ऐकून त्यांनी प्रथमच नीट चौकशी केली: किती दिवस आंबवतात, मीठ किती, भाव काय मिळतो.

परत जाताना तिने एका वृद्ध भिक्खुणीसाठी जवसाची चटणी मागितली. लसूण चालणार नाही, हिंगही नको, हे ऐकून आई म्हणाली, “मंग राह्यलं काय त्यात?” तरी तिने दोन डबे भरले. बिनलसणाच्या डब्यावर वडिलांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली.